पुळणीला न्यायला

भाटखोलची पुळण दरवर्षी पावसाळ्यात माहेरी जायची आणि घट बसायच्या आत परत यायची. त्या वर्षी घट बसले, उठले, दसऱ्याचं सोनं वाटून झालं, तरी ती आली नाही.

तिचं माहेर म्हणजे खाडीपलीकडचं पालशेवे. आषाढात वारा फिरला की भाटखोलसमोरची सगळी वाळू, शंखशिंपल्यांसकट, हळूहळू उठायची आणि पाण्याच्या कडेकडेने पालशेव्याला जाऊन राहायची. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. होड्या वर ओढलेल्या, मासेमारी बंद; तिने तरी इथे एकटीने पडून काय करायचं? गौरी गेल्या की ती तिकडून निघायची आणि नवरात्राआधी येऊन आपल्या जागी पसरायची. येताना माहेरचं काहीतरी आणायचीच. कधी काळ्या रेतीचा पट्टा, कधी इकडे न दिसणारे गुलाबी शिंपले.

ती आली नाही हे सगळ्यात आधी वैजयंती पावसेच्या लक्षात आलं. त्यात हुशारीचा भाग नव्हता. तिचं घर रांगेतलं पहिलं होतं, एवढंच. मागल्या दारापासून पाण्यापर्यंत पूर्वी साठ पावलं भरायची. दसऱ्याला तिने मोजली तर अकरा भरली. तीही तिची आखूड पावलं, गुडघ्यांना विचारून टाकलेली. दुसऱ्या कोणी मोजली असती तर आठच भरली असती. मागचे तीन माड आधीच पाण्यात आडवे झाले होते.

वैजू चव्वेचाळीस वर्षांची होती, बोंबील आणि जवळा सुकवून विकायची, आणि तिची सुकवायची जागाच माहेरी जाऊन बसली होती.

"अहो, पुढच्या ज्येष्ठाच्या उधाणाला आपण चुलीपाशी बसूनच मासे धरू," ती नवऱ्याला म्हणाली. "होडीचा खर्च वाचेल."

"हं," सदानंद म्हणाला. तो जाळं विणत होता. सदानंद पावसे हा माणूस वाईट नव्हता, फक्त त्याचे शब्द मोजके होते आणि तेही तो पुढच्या वर्षासाठी ठेवून द्यायचा.

वैजू स्वतः पालशेव्याची. म्हणजे पुळणीचं आणि तिचं माहेर एकच. वीस वर्षांपूर्वी तीही एकदा रुसून माहेरी गेली होती. कारण आता सांगायलाही लाज वाटावी असं होतं: सुकटीचं कालवण आईसारखं होत नाही, असं सदानंद म्हणाला होता. तो वर्षभरात काही बोलला, तर नेमकं हे. ती एकवीस दिवस राहिली. एकविसाव्या दिवशी तो खाडीच्या अलीकडे, होडीच्या धक्क्यावर येऊन उभा राहिला. पलीकडे आला नाही. हातही हलवला नाही. शेवटी तीच पिशवी घेऊन होडीत बसली आणि अलीकडे उतरली. तेव्हा तो म्हणाला, "चढणीवरून जाऊ. सावली आहे." झालं. 'चल' असं तो कधी म्हणालाच नाही. ही गोष्ट वैजू गेली वीस वर्षं गावभर हसत सांगत आली होती. हसून झालं की हातातला जवळा उगाच पुन्हा निवडायला घ्यायची.

ग्रामपंचायतीने विषय गांभीर्याने घेतला. ग्रामसेवक भिसे भाऊसाहेब बार्शीकडचे. नोकरी लागेपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता आणि पाहिल्यापासून ते त्याच्याकडे एक लांबलेलं प्रकरण म्हणूनच बघत होते.

"बेपत्ता म्हणून नोंद घेता येत नाही," ते ग्रामसभेत म्हणाले. "कुठं आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपण पत्र देऊ."

त्यांनी पत्र दिलं. विषय: आपल्याकडे आलेली पुळण परत पाठविणेबाबत. चौथ्या दिवशी उत्तर आलं. पालशेव्याच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन दिगंबर यांनी, म्हणजे वैजूच्या सख्ख्या धाकट्या भावाने, कळवलं होतं की सदर पुळण आमच्याकडे सुखरूप असून तिची आमच्याविरुद्ध काही तक्रार नाही. तब्येत पूर्वीपेक्षा भरली आहे. काळजी नसावी.

"तब्येत भरली आहे म्हणे!" सरपंच आरेकर उसळले. "आमची वाळू खाऊन खाऊन भरली असेल!"

"अण्णा, ती स्वतःच वाळू आहे," वैजू म्हणाली.

आरेकरांना पत्रापत्री पटणारी नव्हती. त्यांनी तालुक्याहून चार डंपर आणि एक जेसीबी मागवला आणि पालशेव्याला जाऊन चाळीस खेपा भरून पुळण आणली. भाटखोलच्या किनाऱ्यावर ओतली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, आरेकरांनी नारळ फोडला. दुसऱ्या दिवशीच्या भरतीला पुळण उठली आणि आल्या वाटेने परत गेली. जाताना जेसीबीवाल्याची दोन फावडी आणि आरेकरांची एक चप्पलही घेऊन गेली.

"ओढून आणलेली कोण राहील हो?" वैजू म्हणाली.

"मग काय करायचं ते तू सांग," आरेकर एका चपलेवर उभे राहून म्हणाले. "तुझं माहेर आहे ते."

पुढच्या ग्रामसभेला वैजू पहिल्यांदाच उभी राहून बोलली. एरवी ती मागे बसून शेजारणीच्या कानात बोलायची, आणि तेच जास्त ऐकू जायचं.

"ती का गेली ते सोडा, ती जातेच. ती का येत नाही ते बघा," ती म्हणाली. "समजा आली. बसणार कुठे? तिच्या जागेवर आपण धोंडे मांडून ठेवलेत."

हे खरं होतं. मागच्या वर्षी किनाऱ्याची धूप होऊ नये म्हणून गावापुढे काळ्या दगडांचा बंधारा घातला होता. तेव्हापासून लाट यायची, दगडांवर आपटायची आणि परत जाताना होती नव्हती ती वाळू ओढून न्यायची. बंधारा जिथे संपत होता तिथे तर ती दुप्पट जोराने आत घुसायची. बंधारा बरोबर वैजूच्या घराअलीकडे संपत होता.

"आणि अपमान काय कमी केलेत?" वैजू पुढे म्हणाली. "मर्यादवेल तिच्या अंगावरचं पातळ होतं, ते पार्किंगसाठी ओढून काढलं. सुरूची झाडं तोडली. आणि भाऊसाहेब, लिहा, या गावात एक घर दाखवा ज्याच्या भिंतीत ती नाही."

मग एकेक जण कबूल होऊ लागला. आरेकरांच्या नव्या बंगल्याच्या गिलाव्यात ती होती. म्हणूनच भिंतींना खार सुटत होता. शाळेच्या व्हरांड्यात होती. देवळाच्या पायरीत होती. एका म्हातारबुवांनी सांगितलं की ते साठ वर्षं तिच्यातच शेंगदाणे भाजत आलेत, एकच मूठ, पण रोज तापवलेली.

"माझ्या माठाखालीही आहे," वैजू म्हणाली. "सगळ्यात थंड जागेत ठेवलीय, पण विचारून नाही घेतली."

भिसे भाऊसाहेबांनी सगळं इतिवृत्तात घेतलं. मग पेन टेकवून म्हणाले, "बंधारा काढायला वरची परवानगी लागते. दोनेक वर्षं जातील."

"तोवर माझं घर जाईल."

भाऊसाहेबांनी पेन पुन्हा उचललं. "काढायला परवानगी लागते," ते म्हणाले. "तात्पुरता बाजूला ठेवायला लागते असं कुठं लिहिलेलं नाही."

मग सगळ्या भाटखोलने मिळून बंधारा तात्पुरता बाजूला ठेवला. होडी ओढतात तसे दोर बांधून, होडी ओढतानाच्याच आरोळ्या देत, एकेक धोंडा शाळेमागच्या माळावर नेला. सात दिवस लागले. सदानंद सगळ्यात पुढे दोर धरून होता. तो ओरडत नव्हता, नुसता ओढत होता. माळावर नेलेल्या बंधाऱ्यावर भाऊसाहेबांनी पाटी लावली: 'सदर बंधारा येथे तात्पुरता आहे.'

भाऊबीजेला वैजू माहेरी निघाली. हातात ओवाळणीचं ताट, पिशवीत करंज्या, आणि पदराच्या गाठीत माठाखालची मूठभर वाळू. सोबत सदानंद होता, कारण सासरचा पुरुष माणूस बरोबर लागतो असं सगळ्या बायकांचं म्हणणं पडलं. आणि भिसे भाऊसाहेब होते, कारण नोंद लागते असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं.

इब्राहिमचाचांच्या होडीने खाडी ओलांडली. धक्क्यावर उतरायच्या आधी सदानंद थोडा घुटमळला. वीस वर्षांत तो या बाजूला लग्नकार्याशिवाय आला नव्हता.

पालशेवं ओळखू येत नव्हतं. पूर्वी इथे नुसता खडकाळ किनारा होता. आता भली रुंद, सोनेरी, लोळत पडलेली पुळण होती. तिच्यावर छत्र्या होत्या, भेळेच्या गाड्या होत्या, दोन उंट होते. आणि दक्षिणेच्या टोकाला नवी जेटी होती, किनाऱ्यापासून निघून सरळ समुद्रात गेलेली. पुळण जेटीला पाठ टेकून बसली होती. वैजूला पाहून तिने तोंड फिरवलं. म्हणजे कडेची वाळू थोडी पलीकडे सरकली. पण ज्याने रुसवे पाहिलेत त्याला ते कळतं.

दिगंबरने पाट मांडला. वैजूने त्याला ओवाळलं. त्याने ताटात साडी ठेवली.

"ही नको," वैजू म्हणाली. "मला आमची पुळण दे."

"आक्का, तू म्हणजे ना!" दिगंबर हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. "मी काय तिला बांधून ठेवलीय? आपणहून आली, आपणहून राहिली."

"दारात जेटी आडवी घातलीस आणि वर म्हणतोस बांधून ठेवलेली नाही. ती भाद्रपदात निघाली असणार. निघाली असणार आणि जेटीला धडकून परत बसली असणार. माहेरी सगळं असलं तरी दाराला कडी असली ना दिगू, की जेवण गोड लागत नाही."

"आमच्या होड्या उधाणात फुटत होत्या," तो म्हणाला. "गेल्या साली सात फुटल्या. जेटी आम्ही शोभेला नाही बांधली."

"शोभेला नाही हे ठाऊक आहे मला. होडीला आसरा दे. पण तिला वाट दे."

दिगंबर उठून खिडकीशी गेला. बाहेर त्याच्या घरापुढे आठ खोल्यांच्या 'सागरसुख'ची पाटी होती. पर्यटक वाळूत किल्ले करत होते.

"मला हिची सवय झालीय गं," तो हळूच म्हणाला. "सकाळी दार उघडलं की ही समोर. लहानपणी आपल्याला कुठे होती? खडकांवर पाय कापून घ्यायचो."

"दर पावसाळ्यात येईल की. पावसाचे महिने तुझ्याकडेच. माहेरवाशीण कायमची ठेवायची नसते, वाट बघायची असते."

ओवाळणीत मागितलेल्याला नाही म्हणायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. दुपारी सोसायटीची माणसं पहारी घेऊन आली आणि जेटीच्या मुळाशी, किनाऱ्याच्या अंगाला, दहा हात रुंद वाट मोकळी झाली. वरून माणसांना चालायला फळ्या टाकल्या. भाऊसाहेबांनी लिहून घेतलं: दार उघडले.

पुळण जागची हलली नाही.

वैजू तिच्याजवळ जाऊन बसली. पदराची गाठ सोडून माठाखालची वाळू तिच्यावर ठेवली. "ही तुझीच," ती म्हणाली. "बाकीची भिंतींत आहे, ती काही काढता यायची नाही. पण धोंडे उचललेत. वेल पुन्हा लावतोय. माझं घर अकरा पावलांवर आलंय बाई. तुला राग आलाय ते बरोबर आहे, पण तो एकेक पाऊल माझ्या मागल्या दाराशी येतोय."

पुळणीने ती मूठ आत घेतली. वैजूच्या पायांवर थोडी वाळू चढली, घोट्यापर्यंत, आणि तिथेच थांबली.

"येणार नाही असं नाही तिचं," वैजू उठत म्हणाली. "न्यायला कोण आलंय ते बघतेय ती. अहो, तुम्ही बोला."

"मी?" सदानंद म्हणाला.

"मग कोण? भाऊसाहेब तिचे कोण लागतात?"

सदानंद पुढे झाला. त्याने पुळणीकडे बघितलं, मग समुद्राकडे, मग पुन्हा पुळणीकडे. घसा साफ केला.

"होडी सुटेल," तो म्हणाला.

पुळण ढिम्म.

"अहो, असलं चालत नाही," वैजू म्हणाली. "माझ्यावर चाललं होतं, मी पडले मूर्ख. ती शहाणी आहे."

दिगंबर हसू दाबत उंटाकडे बघायला लागला. सदानंदने चपला काढून बाजूला ठेवल्या. ओल्या वाळूत दोन पावलं आत गेला. मान खाली घालून, पायांशी बोलल्यासारखा बोलायला लागला.

"चल," तो म्हणाला. "चल आता घरी. घर खायला उठतं." थांबला. सगळ्यांना वाटलं, झालं. पण तो पुढे बोलला. "एकवीस दिवस मला जेवणात मीठ आहे की नाही ते कळलं नाही. धक्क्यावर मी रोज यायचो. पलीकडे यायचं धैर्य नव्हतं. वाटायचं, नाही म्हणाली तर परत कुठल्या तोंडाने जायचं. कालवण चांगलं होतं. चल."

वारा पडला होता. भेळेच्या गाडीवरचा माणूससुद्धा भांडं वाजवायचं थांबला.

भिसे भाऊसाहेब पेन धरून वैजूच्या कानाशी आले. "ताई, मुदत चुकतेय," ते कुजबुजले. "पुळण गेल्याला चार महिने होऊन गेले. एकवीस दिवस नाहीत. दुरुस्त करू?"

वैजू पदराने नाक पुसत होती. "नका," ती म्हणाली. "आहे तसंच लिहा."

तेव्हा पुळण उठली.

ती आधी कडेने सैल झाली, मग मधून. छत्र्या तिरक्या झाल्या, उंट बाजूला झाले. दिगंबरने वाकून तिच्यावर हळदकुंकू घातलं आणि शिदोरी म्हणून टोपलीभर पालशेव्याचे गुलाबी शिंपले दिले. थोडी वाळू त्याच्या उंबऱ्याशी तशीच राहिली. ती विसरली की ठेवून गेली, हे कोणी विचारलं नाही. जेटीच्या दारातून ती निघाली आणि पाण्याच्या कडेने, सावकाश, त्यांच्यामागून चालायला लागली. मागे वळून बघायचं नाही, असं वैजूने सांगितलं होतं. सासरी निघालेलीला कोणी निरखलेलं आवडत नाही.

खाडीवर इब्राहिमचाचांनी तिला पाहिलं आणि हात आडवा केला. "हिला नाही घेणार. होडी बसेल तळाला."

"ती तिची तिची येईल, चाचा."

होडी निम्म्या खाडीत आली आणि टेकली. चाचांनी वल्हं पाण्यात घालून पाहिलं आणि परत मांडीवर ठेवलं. "थांबा जरा," ते म्हणाले. "खालून जातेय ती. आधी तिला जाऊ द्या." पाण्याखालून बारीक सरसर ऐकू येत होती. सदानंदचा हात होडीच्या काठावर होता. वैजूने आपला हात त्याच्या शेजारी ठेवला. त्याने काढला नाही. मग होडी पुन्हा तरंगली.

भाटखोलला सगळं गाव किनाऱ्यावर उभं होतं. पाण्याच्या कडेला बायकांनी माप ठेवलं होतं, तांदळाने भरलेलं. नवी नवरी उंबऱ्यावर लवंडते तेच. आरेकर दोन्ही पायांत चपला घालून, हात जोडून उभे होते. संध्याकाळची भरती लागली. पहिली लाट मापापर्यंत आली आणि परत गेली. दुसऱ्या लाटेबरोबर पुळण आली. तिने माप लवंडलं, तांदूळ पुढे सांडले आणि त्यांच्यावरून ती घरात आली.

सकाळी वैजूने मागलं दार उघडलं आणि पावलं मोजली. बेचाळीस. साठ नव्हती. "अठरा पावलं अजून रागात आहेत," ती म्हणाली.

"येतील," सदानंद म्हणाला. सकाळच्या पहिल्या चहाच्या आत बोललेला हा त्याचा दुसरा शब्द होता. पहिला 'वैजू' होता.

आरेकरांची चप्पल आणि जेसीबीवाल्याची फावडी दाराशी नीट ओळीने ठेवलेली होती. पायरीवर वाळू होती, माजघरात वाळू होती. वैजूने झाडायला केरसुणी घेतली आणि पुन्हा ठेवून दिली. स्वयंपाकघरात गेली तर कोपऱ्यातली माठाखालची जागा, जी तिने काल निघताना रिकामी केली होती, काठोकाठ भरलेली होती. वाळू ओली, थंड होती, आणि मधोमध माठाच्या बुडाएवढा गोल खळगा करून ठेवलेला होता.

वैजूने माठ उचलून त्यात बसवला. बरोबर बसला.